सातव्या माळेचा पंखा

धामणगाव बढे
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय संजीवनी,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर एक तर तुझी आत्या शेजारी बसलेली असते. आणि मी दोन वाक्यं बोलले की तू "जाऊ दे न आई" म्हणतेस आणि मी खरंच जाऊ देते. पत्रात मला थांबवणारं कोणी नाही. मॅट्रिकनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा चुकलंमाकलं चालवून घे.

तुझ्या कम्प्युटरची हकिगत सांगायची आहे. दिवाळी झाली, तू आत्याकडे अकोल्याला गेलीस, आणि चार दिवसांनी तुझे बाबा म्हणाले, "आता लग्नघर झालं आपलं. ते धूड काऊन ठेवायचं? गिऱ्हाईक पाहा." मलाही ते पटलं. देवघराच्या खोलीत पाहुण्यांची जेवणं मांडायची तर ते टेबल मधेच येत होतं. मग मोताळ्याच्या शेखरला बोलावलं. तू त्याला ओळखत नाहीस, टीव्ही-मिक्सर दुरुस्त करता करता आता कम्प्युटरही करतो. त्याने आधी ते चालू करून पाहिलं, तुझा तो बंदुकीचा खेळ लावला आणि म्हणाला, "मावशी, तापून राह्यलं हे. अन् तापलं का अडकते." मी म्हटलं, ते तर आम्हाला वर्षभरापासून ठाऊक आहे, संध्याकाळी फारच अडकतं.

त्याने पेटीचं पत्र्याचं झाकण काढलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे कम्प्युटर हाय का चुलीचं धुराडं?" आतल्या लहान पंख्याच्या पात्यांवर काळा थर होता. बोट लावलं तर तेलकट. साध्या धुळीने तसं होत नाही बाई. धूप, कापूर, उदबत्ती आणि तुपाचा दिवा, सगळं तिथे जाऊन बसलेलं. वर मी विणलेलं क्रोशाचं कव्हर, ते तर तू निघालीस की मी लगेच घालायची, कधी कधी चालू असतानाच. शेखरने अंगणात नेऊन ब्रशने, वाऱ्याच्या मशीनने सगळं साफ केलं. मधल्या चौकोनी तुकड्यावरचं वाळलेलं मलम खरवडून नवं लावलं, दाताच्या पेस्टसारखं. मी लाजेने चहा करायला आत पळाले.

चहा पिताना मी त्याला विचारलं, तापलं की बंद का पडत नाही, नुसतं रेंगाळतं का? तो म्हणाला, "समजदार हाय ते. भर उन्हात औताचा बैल कसा पाय ओढते? मरू नाही म्हणून ओढते. हे बी जळू नाही म्हणून हळू होते." मला ते फार पटलं. इतके दिवस मी त्याला हट्टी समजत होते.

गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी खात्री पाहिजे, म्हणून शेखरने मला काम लावून दिलं. खेळ लावून दोन तास चालू ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यातला उष्णतेचा आकडा लिहून ठेवायचा, आठ दिवस. वर सीलिंगचा पंखा मात्र फिरता पाहिजे, पेटीचं झाकण तू वाऱ्यासाठीच एका बाजूने उघडं ठेवत असशील, असं तो म्हणाला. "तुमची वही सारं गाव जाणते मावशी, तुमच्यासारखं कोन लिहीन?" एवढं म्हटल्यावर मी काय, तयारच. घरखर्चाच्या वहीची मागची पानं काढली, डावीकडे वेळ, उजवीकडे अंश.

आता हसू नकोस. रोज संध्याकाळी सहा ते आठ तुझी आई बंदूक घेऊन बसत होती. मला त्या गड्याला चालवता कुठे येतं? मी त्याला एका भिंतीआड नेऊन उभा करायची, म्हणायची, बापा, इथेच लपून राहा, आणि वरण ढवळायला जायची. परत यावं तर तो मेलेला. एके दिवशी माझ्याच बाजूच्या कोणी तरी हिंदीत लिहिलं, "अबे हिल तो सही, काकू खेल रही है क्या?" मी म्हटलं, ओळखलं गं बाई याने! तुझे बाबा ओट्यावरून ऐकून राह्यले होते. त्यांना मी ते वाचून दाखवलं तर त्यांना ठसकाच लागला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच ते एवढे हसले.

पहिल्या दिवशी सहाला एकसष्ट अंश होते, साडेसहाला सत्तर, पावणेसातला बहात्तर. शेखरची साफसफाई कामाला आली म्हणून मी खूश. सातला दिवा लावला, हरिपाठ म्हटला, उठून पाहते तर चौऱ्याण्णव. गडी जागच्या जागी थरथरत होता. दुसऱ्या दिवशीही तेच, सातपर्यंत सगळं नीट आणि दिवेलागणीनंतर पंच्याण्णव. तिसऱ्या दिवशीही तसंच.

तुला खरं सांगते संजू, मला बरं वाटलं. मी तुला वर्षभर हेच सांगत आले होते ना, तिन्हीसांजेला देवासमोर मारामारीचा खेळ चालत नाही, म्हणून ते त्याच वेळेला अडकतं. तू म्हणायचीस, गरम होतं आई. आणि बाबा म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. आता माझ्या हातात लेखी पुरावा होता. मी वही बाबांना दाखवली, म्हटलं, पाहा, बरोबर देवाच्या वेळेला. ते म्हणाले, "हाव वं, खरंच की."

चौथ्या दिवशी सकाळी मोतीराम आबा गेले, पाराजवळचे. नव्वदीचे होते, झोपेतच गेले, त्रास नाही झाला. लांबची भाऊकी, तीन दिवसांचं सुतक आलं. सुतकात देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, धूप नाही. कम्प्युटरला काही सुतक नसतं, म्हणून मी आपली संध्याकाळी आकडे लिहायला बसले. सात वाजले, त्र्याहत्तर. सव्वासात, त्र्याहत्तर. आठ वाजता चौऱ्याहत्तर. माझा गडी इकडून तिकडे नुसता हरणासारखा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

रात्रभर माझ्या डोक्यात ते फिरत राह्यलं. देव रागावून थांबवत असेल तर सुतकाच्या घरात तो जास्तच रागावला पाहिजे. मग दिव्याच्या वेळी मी असं काय करते जे सुतकात केलं नाही? दिवा लावते. धूप फिरवते. पण एवढ्याशा दिव्याने लोखंडाची पेटी तापत नाही. सुतक फिटलं, मी घर सारवलं, आंघोळ करून संध्याकाळी देवासमोर आले, आणि काडी ओढायच्या आधी माझा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला. पंखा बंद. वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून. मग त्याच हाताने पडदा ओढला, कम्प्युटरच्या टेबलामागचा, देवाला ती बंदूक दिसू नये म्हणून मीच लावलेला. तो पडदा पेटीच्या मागच्या जाळीवर जाऊन चिकटतो. गरम हवा तिथूनच बाहेर पडते, शेखरने हात धरून दाखवलं होतं मला.

मी वहीत वेळ लिहिली होती, अंश लिहिले होते, पंखा बंद केला ते कुठेच लिहिलं नव्हतं. कारण ते मी काही वेगळं करते असं मला वाटतच नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं, दिव्याआधी पंखा बंद. तीस वर्षं हात करतो, मी करत नाही.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी मी भर दुपारी बसले, दिवा नाही, धूप नाही. नुसता पंखा बंद केला, चौऱ्यांशी. पडदा ओढला, शहाण्णव, आणि गडी अडकला. पडदा सारला, पंखा लावला, दहा मिनिटांत पंचाहत्तर. तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा तेच. मग मी वही घाईने मिटली.

कारण मला सातवी माळ आठवली. तुला काय आठवण करून द्यायची, पण मला लिहूनच काढू दे. नवरात्राआधी तू बाबांसमोर शब्द ठेवला होतास. पाच मुलींचा तुमचा संघ, त्या खेळाच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवडीची शेवटची फेरी. तू म्हणालीस, निवड झाली तर दोन वर्षं माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही, नाही झाली तर तुम्ही म्हणाल त्या पाहुण्यांसमोर बसते आणि नाही म्हणत नाही. बाबा म्हणाले, ठरलं. आणि सामना आला सातव्या माळेला, रात्री आठला. घट बसलेले, अखंड दिवा. नऊ दिवस नऊ रात्री त्या खोलीचा पंखा बंद आणि पडदा ओढलेला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भिंतींत मुरलेलं. तू घामाने भिजली होतीस. मी दारात जपमाळ घेऊन बसले होते. तू एकदाच मागे वळून विचारलंस, "आई, पडदा थोडासा सारू का?" मी म्हटलं, अखंड दिवा आहे संजू, वारा लागेल. तू "बरं" म्हणालीस. पुन्हा विचारलं नाहीस.

तुला तेव्हाच ठाऊक होतं ना? मी मूर्ख, मला कळायला सुतक यावं लागलं. तुला सगळं समजत होतं, हात लांब केला असता तर पडदा सरला असता, आणि तू माझ्या दिव्याला जपलंस. हरल्यावर त्या मुली फोनवर रडत होत्या, तू त्यांना म्हणत होतीस, मशीन जुनी आहे माझी. माझं नाव तू त्यांना सांगितलं नाहीस, बाबांना नाही, मलासुद्धा नाही. आणि तो दिवा मी कशासाठी लावला होता ते तुला सांगते. तुझं लग्न जमावं म्हणून. दसऱ्यानंतर वरवट बकालची मंडळी आली, तू मान खाली घालून बसलीस, त्यांची पसंती आली, तू शब्द पाळलास. मी गावभर सांगत सुटले, देवीने कौल दिला. कौल कुठला बाई? बटण तर मी दाबलं होतं.

यानंतर मी जे केलं तेही लिहिते. मी चार दिवस गप्प राहिले. वरवटचा गोकुळराव चांगला मुलगा आहे, संत्र्याची बाग आहे, निर्व्यसनी आहे, त्याच्या आईच्या बोलण्यात गोडवा आहे. असं स्थळ पुन्हा येईल का? ही वही कोण वाचणार आहे? मागची पानंच ती, फाडली असती तरी कोणाला पत्ता नव्हता. पण त्या चार दिवसांत मला देवासमोर डोळे मिटता येईनात. मिटले की तू "बरं" म्हणालेली ऐकू यायची.

काल जेवताना मी वही बाबांच्या ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, हारली ते हारली, शब्द देल्ला ना तिनं. त्यांनी बोट फिरवत सगळे आकडे वाचले. तुला माहीत आहे, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट म्हटलं की ते अजून पन्नास कोस जातात. ते म्हणाले, "पटात एखाद्यानं बैलाचे पाय बांधून जोडी सोडली, अन् मंग म्हन्ते हारला, तं लोक जोड्यानं मारतीन त्याले." मी म्हटलं, पाय मी बांधले. ते म्हणाले, "म्या बी पाहून राह्यलो होतो न. मले बी गरम होऊन राह्यलं होतं तिथं, मी उठून ओट्यावर गेलो वाऱ्याले. पोरगी आत बसली." मग हात धुऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "अशी जोडी पुन्हा सोडा लागते. लिही तिले."

म्हणून हे पत्र. येत्या वद्य एकादशीनंतर तुझं स्थळ आणलेले शेषराव मामा साक्षगंधाची तारीख घेऊन येणार होते. आज सकाळी मी त्यांना स्वतः जाऊन सांगून आले की मुलीचं पत्र येईपर्यंत तारीख धरू नका. ते रागावले, "आता काय नवीन काढलं बाई?" म्हणाले, मी ऐकून घेतलं. वरवटच्या मंडळींनाही काय झालं ते बाबा खरं खरं सांगणार आहेत, त्यांना राग आला तर तो आमच्यावर येऊ दे. शेखरला निरोप दिला आहे, कम्प्युटर विकायचा नाही. तुझा शब्द मी तुला परत करते आहे, संजू. लग्नाला नाही म्हण, असं मी सांगत नाही. मला तर तू हो म्हणालेलीच आवडेल, ते लपवून काय करू? पण हो म्हणायचं असेल तर तुला तो मुलगा आवडला म्हणून म्हण. हरलीस म्हणून म्हणू नकोस. तू हरली नव्हतीस.

तुझ्याच बाजूची, तुझी
आई