आहे म्हणायचं राहिलं

सोमवार
आले एकदाची लेकाच्या नव्या घरी! नातीनं, आमच्या चिमणीनं, वही दिली, म्हणाली, आजी, यात रोज लिही. चौथी शिकलेली मी, पण लिहिते. सूनबाई कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवते. घरासाठीही एक बनवलाय. भिंतीवर डबा आहे, त्याला सगळे मुकादम म्हणतात. स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, नुसती कामं वाटतो. अगदी आमच्या थोरल्या जाऊबाई! दिवे, दारं, झाडूचं यंत्र, माणसं, सगळे त्याचे गडी. माझ्या मनगटावर पट्टा बांधलाय, तो वाजला की बटण दाबायचं, म्हणजे मी आहे. तीनदा उत्तर गेलं नाही तर गडी संपला असं धरून मुकादम त्याचं काम दुसऱ्याला देतो. मी सहा नंबर. काम काय, तर चिमणीची वेणी आणि चार वाजता गोष्ट. बाई, या वयात नोकरी लागली की मला!

बुधवार
गोष्टीतल्या राक्षसाला आज सर्दी लावून दिली, तर चिमणीही शिंकायला लागली. म्हणते, आजी, वेणी इतकी घट्ट की डोळेच मिटत नाहीत! सूनबाईच्या ऑफिसात अशी शेकडो यंत्रं आहेत म्हणे. एखादं बंद पडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. मी म्हटलं, छानच की.

शुक्रवार
दुपारी डोळा लागला. पट्टा वाजलेला कळलाच नाही. जाग आली ती चिमणीच्या खोलीतल्या गोष्टीनं. आवाज माझा. मधला खोकलासुद्धा माझा. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मुकादम म्हणाला, सहा नंबर कामावर आहे. सूनबाईला फोन केला. ती म्हणाली, उशिरा आलेलं उत्तर तो टाकूनच देतो आई, नाहीतर एकच काम दोनदा होईल. घरी आल्यावर बघते. आली. माझ्यासमोरून सरळ चिमणीच्या खोलीत गेली. तिथल्या आवाजालाच विचारलं, आई, आता बरं वाटतंय ना?

शनिवार
चिमणीची वेणी घातलेली. घट्ट. गाठही माझीच. आवाजाला हात कुठून —
तिच्या खोलीचं दार मला उघडत नाही. लेकाला हाका मारल्या. बाही धरली. त्यानं झटकली, माशी बसल्यासारखी.

रविवार
पट्टा वाजत नाही. दाबतेय. आहे. आहे —
चिमणी दारात आली. माझ्याकडे बघतेय! हात पुढे केले. तिनं मागे वळून विचारलं, आजी, बाहेर ही कोण रडतेय? आतून मीच म्हणाले, बघू नको ग राणी, तिथे कोणीच