एकोणिसावा गडी

वॅराबिन, व्हिक्टोरिया
सोमवार, २६ सप्टेंबर १९८३

प्रिय क्लॅरी,

थोरल्याचे आशीर्वाद. तू उत्तर देत नाहीस, तरी लिहितोय. तुझी वहिनी नोरीन मजेत आहे, गहू छान निसवलाय आणि शनिवारी आपण फुटबॉलची फायनल जिंकलो! चार गुणांनी! मैदानाभोवतीच्या गाड्यांनी इतके भोंगे वाजवले की पाद्रीबाबांच्या गाडीची बॅटरीच उतरली. प्रशिक्षक होऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा कुठे गंगेत घोडं न्हालं.

शेवटी शेवटी मी एक गडी बदलला. नवा आत धावायला निघाला, तशी मी त्याची जर्सी मागून धरली.

"आधी त्याला बाहेर येऊ दे! दोन्ही पाय रेषेबाहेर!"

"सोडा की कोच, फाटेल!"

"फाटू दे!"

लोक हसले. मी मात्र आधीचा गडी बाहेर येईपर्यंत जर्सी सोडली नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. एकसष्टची फायनल. तू राखीव, एकोणिसावा. माझ्या जागी तू आत आलास आणि मी अजून मैदानातच. समोरच्या कप्तानाने मोजणी मागितली. पंचांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, तर अठराऐवजी एकोणीस. नियमाप्रमाणे आपले तोवरचे सगळे गुण पुसले गेले. गावाने तुला उतावळा ठरवलं. "क्लॅरीने कप घालवला" हे ऐकून ऐकून तू पर्थ गाठलंस. मी मेलबर्नला खेळलो, नाव कमावलं.

क्लॅरी, मालिशवाल्या स्टॅनने टॉवेल हलवून मला बाहेर बोलावलं, ते मी पाहिलं होतं. मला यायचंच नव्हतं, म्हणून पाठ फिरवली. बावीस वर्षं "दिसलं नाही" म्हणत आलो. मला लाज वाटते.

काल दुपारी क्लबच्या जेवणात माझा सत्कार होता. तिथे उभा राहून सगळं सांगून टाकलं. मग म्हातारा स्टॅन म्हणाला, "तीनदा हलवला होता, गाढवा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आमचा हिरो होतास ना! हिरोला कोण बोलणार?"

नोरीनने माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं. "गावाला काय सांगतोस? क्लॅरीला जाऊन सांग."

शुक्रवारच्या गाडीने निघतोय. दार लगेच उघडू नकोस, हवा तेवढा वेळ घे. मी पायरीवर बसेन. या वेळी बाहेर थांबायची पाळी माझी.

तुझा,
लिंड्से