पुढचा डावा खांदा

हिदार ४, मंगळवार. इथला कापणीचा महिना.

— डोली दवाखान्याच्या उंबऱ्यावर टेकते न टेकते तोच डोकं दिसलं. आत न्यायला वेळ नव्हता. चौघे खांदेकरी पाठ करून उभे राहिले, मी तिथेच गुडघ्यांवर बसले. मुलगी. लगेच रडली.

बाळंतिणीची लापशी शिजेपर्यंत चौघे भिंतीला टेकून कॉफी पीत होते. हीच माणसं वरच्या गावात मयताला खांदा देतात, हीच अडलेल्या बाईला डोंगर उतरवून आणतात. पुढचा डावा खांदा कायम अगेग्नेहूबाबांचा. सगळ्यांत म्हातारे तेच.

"सिस्टर, दवाखाना एकदा वर आणून ठेवा. गुडघे तरी वाचतील आमचे."

"आणा की डोलीत घालून."

हसले. निरोप न घेता गेले. नेहमीसारखेच.

हिदार ९

जिल्ह्याहून फोन. आया-बाळांचे जीव वाचवणाऱ्यांचा सत्कार आहे. "एकच नाव द्या. टाळ्या वाजवायला एक चेहरा लागतो." मी बाबांचं दिलं. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

त्यांच्या लेकीचे, फांतायेचे, दिवस भरत आलेत. जुळी आहेत. पहिलं मूल वाटेतच गेलं तिचं. खाली येऊन राहा म्हटलं, तर सासू म्हणते, "कापणी कोण करणार, तुमची सुई?"

हिदार १६

सत्कार झाला. चौकटीतलं प्रमाणपत्र, एक लाल कांबळं. दोन शब्द बोला म्हणाले. बाबा म्हणाले, "मी पुढचा डावा. बाकीचे तिघे कुठायत?"

सभागृह हसलं. बाबा हसत नव्हते.

हिदार १८

बाजारात कासये भेटला — मागचा उजवा.

"बाबा कसे आहेत?"

"साहेब झालेत. साहेबांना ओझं उचलायला लावायचं का आम्ही?"

मग सरळ बोलला. खांद्याचे आभार मानायचे नसतात. आज मी तुझ्या बायकोला उचललं, उद्या तू माझ्या आईला. हे देणं कधी मिटू द्यायचं नसतं. आभार मानले की मिटलं. ज्याचं मिटलं, तो खांद्यातून गेला. गावाने बाबांना काढलंय.

इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. ते निरोप न घेता का जातात, हे कधी विचारलंच नाही.

"आणि फांतायेची वेळ आली तर?"

"बाबांचा खांदा बंद, तर त्यांच्या लेकीलाही बंद, असं काहीजण म्हणतात." तो कांद्यांकडे बघत होता. "ठरलं नाही अजून."

हिदार २०

बाबांनी चौकट माझ्याकडे पाठवून दिली. कांबळं ठेवलं. थंडी आहे.

हिदार २३

वर गेले. चर्चच्या आवारात म्हातारे बसले होते. म्हटलं, नाव मी दिलं, गावाने नाही. मग गावाचं काही मिटलेलं नाही.

 एकाने विचारलं, "सिस्टर, मयत उचललंयत कधी?"

"नाही."

"मग बसा. कॉफी घ्या."

एवढंच. बाबा टोकाला बसले होते, जमिनीकडे बघत. पलीकडे फांताये सासरच्या दारात उभी, हात कमरेवर, पोट पार खाली उतरलेलं. चल म्हटलं. सासू मध्ये आली. एकटीच उतरले.

हिदार २४

सकाळी डोली आली. पुढे डावीकडे कासये. बाबा मागून, हात मोकळे. लाल कांबळं फांतायेच्या अंगावर.

मुलगा, मग मुलगी. दोघंही रडली.

खांदेकरी कॉफी प्यायले. मी कोणाला काही म्हटलं नाही.

रिकामी डोली उचलायच्या वेळी कासये बाजूला झाला. "धरा बाबा. चढाला मला दम लागतो."

बाबांनी डाव्या खांद्यावर दांडी घेतली. निरोप न घेता गेले.