मधलं पाणी

५ ऑक्टोबर १९९७, रवि.
चांदीपची सभा. भातं कापणीला आलीत, तरी बायका आल्या. शेवटाकडे नेहमीसारखा आवाज खाली आणला. "बायांनो, उंबरठा नुसता लाकडाचा असतो..." आणि थांबले. तिथे मी थांबतेच. पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, तोंडात पान. ती आरामात म्हणाली, "...अन् भीती आपल्या पायांत असते."
माझं वाक्य. माझ्या आधी. बायका खो खो हसल्या. टाळ्या तिला.
मीही हसले. रिक्षात बसल्यावर हसू गेलं. तिला ते पाठ व्हावं इतक्यांदा मी ते म्हटलंय तर.

८ ऑक्टोबर
वाचनालयाचे चिटणीस शाळेत आले. जानेवारीच्या व्याख्यानमालेत एक दिवस माझा. विषय: माणसाने स्वतःला घडवत का राहावे. "बाई, तुम्हाला काय, तयारी लागत नाही. उभ्या राहिलात की झालं." स्तुतीच करत होते बिचारे.
स्टेशनबाहेर आता पाट्याच पाट्या. दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास! हस्तांदोलन कसं करावं, टाय कसा बांधावा. माणूस म्हणजे काय इस्त्रीचा शर्ट आहे? या विषयावर मला पेटून बोलता येईल. पण पेटून बोलायचं आणि घरी येऊन तोच वरण-भात, तीच मी.
जेवताना श्री.ना विचारलं, गेल्या दहा वर्षांत मी नवीन काय शिकले?
"रिक्षावाल्यांशी भांडायला."
"ते आधीपासून येत होतं."
"मग काही नाही," म्हणाले आणि लोणचं मागितलं. नवरा म्हणून तसे ते प्रामाणिक आहेत.

१२ ऑक्टो., रवि.
गिरीजला फिलोकडे. फिलोमिना गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली, तरी चालते पी.टी.च्या तासाला निघाल्यासारखीच. वाडीत केळी घडांनी वाकल्यात. मागे बावखल. आमच्या स्टेशनजवळच्या फ्लॅटला टँकरचं पाणी येतं, एक दिवसाआड, आणि इथे एवढं मोठं तळं केळींच्या पायाशी स्वस्थ पसरलेलं. पलीकडच्या काठावर उंडीचं झाड, त्याची फळं मधूनच टुप्पकन पाण्यात पडतात.
बघता बघता काठावरच बसले.
खाडीकाठचं माझं माहेर. दोघे भाऊ भरतीच्या पाण्यात उड्या मारायचे आणि मी बांधावर बसून त्यांचे कपडे राखायची. ते या काठाने जायचे, त्या काठाला निघायचे, तिथून हाका मारायचे. मी आईला विचारलं होतं, मी उतरू? "पोरींना पान्यात काय काम?" संपलं. नंतर शाळा, बी.ए., बी.एड., कपाटभर पुस्तकं, शेकडो सभा. सगळीकडे गेले, पाण्यात गेले नाही.
म्हटलं, "फिलो, मला पोहायला शिकव."
"कोण? तू? या वयात?"
"एकोणपन्नास काही वय आहे?"
"भाषण नको. पंजाबी ड्रेस घेऊन ये, जुना."

१८ ऑक्टो.
वाचनालयातून पोहण्यावरचं पुस्तक आणलं. दोन बैठकींत वाचून काढलं. श्री. म्हणाले, "आता परीक्षा कधी?" ते कोकणातले, गावच्या विहिरीत पोहलेले. मुलग्यांना त्यांनीच शिकवलं, मे महिन्यात, त्याच विहिरीत. मी तेव्हाही काठावर. टॉवेल घेऊन.
विचारलं, "मला कधी शिकवलं नाहीत?"
"तू कधी म्हणाली नाहीस."
खरंच नाही म्हटलं. आणि बायकांनी मागायला शिकावं, यावर माझं एक पूर्ण व्याख्यान आहे.

१९ ऑक्टो., रवि.
पहिला दिवस. फिलोने दोन सुके नारळ, सोललेले नव्हेत, सालासकट, दोरीने जोडून माझ्या पोटाखाली बांधले. इथली पोरं अशीच शिकतात. मी पायरीवर उभी राहून तिला तरंगण्याचं तत्त्व समजावलं. शरीर किती पाणी बाजूला सारतं, फुप्फुसातली हवा काय करते. तिने सगळं ऐकून घेतलं.
"झालं? आता हेच पाण्याला सांग."
आणि ढकललं.
काय सांगू. नाकात, कानात, डोळ्यांत पाणी. मी ओरडत होते आणि ओरडायला तोंड उघडलं की आणखी पाणी. काठावर कपडे धुणारी बाई हात थांबवून म्हणाली, "सुमनबाई, आज माशांसमोर भाषण काय?"

२६ ऑक्टो.
पुन्हा तेच. फिलो काठावरून: "पाय मार. तोंड मिट. सुमन, तोंड!"
माझी चूक तिला आज कळली, मलाही. सभेत मी वाक्याच्या मध्ये श्वास भरून राखून ठेवते, म्हणजे शेवट दणक्यात येतो. पाण्यातही तेच करते. छाती फुगवून अडवून धरते आणि मान ताठ. फिलो म्हणाली, "इथे कोणी टाळ्या वाजवणार नाही. सोड श्वास."
सोडता येत नाही. पंचवीस वर्षांची सवय आहे.

१ नोव्हेंबर, भाऊबीज
माहेरी. ओवाळून झाल्यावर भावांना सांगितलं. धाकटा हसून लोळला. "ताई, मग आमचे कपडे कोण राखनार?" थोरला म्हणाला, "आता आपन राखू हिचे. कर्ज फेड रे बाबा."
आई चुलीपाशी. ऐंशीच्या जवळ आली, कानाने कमी. तिला वाटलं, काय एवढं हसतात. जवळ जाऊन सांगितलं. मला वाटलं, रागावेल. लाकूड आत सारत राहिली. मग माझ्याकडे न बघता,
"मधी पानी थंड असते का गो?"
"काय?"
"खाडीच्या मधी. काठाला कोमट लागते. मधी कसा असते?"
सगळा जन्म खाडीच्या काठावर गेला तिचा. मिठागरात राबली, गुडघाभर पाण्यातून भाताचे भारे काढले. मध्यावर कधी गेली नाही. इतकी वर्षं हा प्रश्न तिच्यापाशी होता आणि विचारायला कोणी नव्हतं. भाऊ होते. पण त्यांना विचारावं असं तिला वाटलं नसणार.
म्हटलं, "मी अजून काठाकाठानेच जाते, आई."
"बरं," म्हणाली. "गेलीस की सांग."

३ नोव्हें.
आईचं ते "बरं" जात नाही डोक्यातून.

१६ नोव्हें., रवि.
गिरीज गावात सभा. बावखलं बुजवून इमारती उठतायत, त्याविरुद्ध. मी बोलले. बरं बोलले. पाणी विकून पाण्याचे टँकर मागवणारं शहाणं गाव वगैरे. लोक उठून उभे राहिले. खाली उतरते तो समोर बस्त्याव, फिलोचा दीर. बावखल त्याच्या नावावर आहे हे मला माहीत होतं. तो विकतोय हे माहीत नव्हतं. फिलोलाही धड नव्हतं.
"बाई, माझ्याच बावखलात पोहता आणि माझ्याच नावाने बोंब मारता?"
लोक थांबून बघायला लागले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. ते बाहेर पडलं असतं तर तो तिथेच गार झाला असता, आणि गिरीजची वाट मला बंद. फिलोला घरात तोंड दाखवता आलं नसतं.
श्वास सोडला. कसा कोण जाणे, पण सोडला.
म्हटलं, "बस्त्याव, का विकतोस?"
तो गोंधळला. भांडायला आला होता. मग सांगत बसला. मुलगा आखातात, सून मुंबईची, केळीला आता माणूस मिळत नाही, रात्री मोटर लावायला याला एकट्याला उठावं लागतं, गुडघे गेलेत. मी ऐकत राहिले. मला त्याचं पटलं नाही. आजही पटलेलं नाही. बावखल बुजवणं चूकच, आणि पुढच्या सभेत मी तेच बोलणार. पण याच्याबद्दल मी मघाशी अर्धा तास बोलले आणि यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.
"कधी भराव घालणार?"
"नाताळ होऊ दे. मग." जाताना वळला. "तोवर पोहा. पाणी काय, पडूनच आहे."

२३ नोव्हें.
आज तोंड मिटलेलं राहिलं. थोडा वेळ. पाण्याने उचललं. मी काही केलं नाही, तरी उचललं. त्या क्षणी इतकं रडू आलं. फिलोला वाटलं, गोळा आला पायात.

७ डिसेंबर
उंडीकडे बघते. फार लांब नाही. घरी पापड लाटताना, वर्गात फळा पुसताना, पेपर तपासताना ती फांदी दिसते. असं कशासाठी शेवटचं वाटलं होतं? बी.ए.चा निकाल? नाही, तेव्हा भीती जास्त होती. ही निव्वळ ओढ आहे. सोळाव्या वर्षी असते तशी, फक्त गुडघे एकोणपन्नासचे.
व्याख्यानाचा कागद कोरा. एवढंच सुचलंय: मोठ्या माणसांनी शिकणं सोडलं की गाव श्रोत्यांचं होतं. बसतं, टाळ्या वाजवतं, घरी जातं. वक्ताही त्यातच आला. त्याला फक्त खुर्ची उंच मिळते.
हे बरं आहे. पण बरं आहे म्हणूनच भीती वाटते. हेही पाठ होईल.

१४ डिसें., रवि.
फिलोने एक नारळ काढला. एकावर लंगडत काठाकाठाने गेले. ती म्हणते, "दुसरा तू काढ. मी काढणार नाही."
काढला नाही.

२१ डिसें.
काढला नाही. थंडी होती. (थंडी एवढी नव्हती.)

२५ डिसें., नाताळ
फिलोकडे जेवण. बस्त्यावने गोठ्यात येशूजन्माचा देखावा केलाय, आरशाचं तळं, त्यात चिनीमातीची बदकं. श्री. त्याला म्हणाले, "हे तळं भरणार नाही ना?" मला वाटलं, आता भांडण. बस्त्याव खळखळून हसला, मग आरशावरची बदकं उगीच सरकवत बसला. निघताना त्याने मला केळफूल दिलं. 

२९ डिसें.
पहिले डंपर आले. रस्त्याकडच्या कोपऱ्यातून माती टाकायला सुरुवात. पाणी गढूळ. उंडीच्या बाजूला अजून नाही. माती आत पडते तेव्हा बावखल एकदम श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि काठावर चढतं.

३ जानेवारी १९९८, शनि.
शाळा सकाळची. दुपारी थेट गिरीज. डंपर आज नव्हते. फिलो पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडून. मी नारळाची गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडवली. तिने दोरी हातात घेतली आणि गुंडाळायला लागली, जणू वाळत घातलेले कपडे काढतेय.
गेले.
कशी गेले ते लिहिता येत नाही. हात मारत, श्वास सोडत. मध्ये पाण्याचा रंग बदलला, खाली पाय सोडले आणि कळलं. थांबले तिथे. उताणी झाले. कान पाण्याखाली गेले तसे सगळे आवाज बंद. रिक्षा, मोटर, फिलो, माझी मी. आभाळ आणि केळीच्या पानांची फाटकी टोकं. किती वेळ कोण जाणे.
मग परत फिरले. उंडीकडे गेले नाही.
फिलोने टॉवेल टाकला अंगावर. "बोल आता."
मी केस पिळत बसले.

४ जाने., रवि. माहेरी
आई ओट्यावर उन्हात, पाय लांब करून. कानाशी तोंड नेलं. "आई, मधी गेले. नारळ नव्हते."
"थंड?"
"वरचं कोमट. खाली पाय सोडले की थंड. एकदम थंड."
ती ऐकत राहिली. मग तिने आपले दोन्ही पाय एकावर एक घासले, उन्हातल्या उन्हात, जसे आपण थंडीत घासतो तसे.
"म्हंजे पायाला कळते."
"हो."
"आनी पल्याड कसा हाय?"
"पल्याड नाही गेले. तिथून परत आले."
"का गो?"
मी कुठेही, कशावरही दोन तास बोलू शकते. आईला दमले म्हणावं, तर दमले नव्हते.
ती म्हणाली, "परत येवाला बी तेवढाच पानी कापलास ना."
रागावून नव्हे. सहज. आणि ऊन सरकलं म्हणून तीही थोडी सरकली.

संध्याकाळी घरी येऊन फिलोला फोन केला. ती म्हणाली, उद्यापासून डंपर उंडीच्या बाजूने येणार. व्याख्यान शनिवारी, कागद अजून तसाच.
म्हटलं, पहिल्या बसने येते, शाळेआधी. नारळ आणू नकोस.
"बस्त्यावला सांगते, पहिली गाडी जरा थांबव म्हणून."
"ऐकेल?"
"तो कुणाचं ऐकतो? पण सांगते."
पंजाबी ड्रेस कालपासून पिशवीतच, अजून ओला आहे. तसाच घालेन.