वाजवून झाल्यावर सांगा

आबा, तुम्ही गेल्यावर मी एकदाही रडले नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन तुम्ही कळंब्याला घर बांधलंत आणि मिशनचा एक बंगला रिकामा होत होता तिथला पियानो उसाच्या ट्रॉलीतून घरी आणलात. तो पुढच्या सोप्यात मावेना म्हणून तिथलं आईचं देवघर हलवलंत. आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेल्या माणसाला पियानो शिकवता येईल का, असं कुणी विचारलं नाही. तुम्हाला नोटेशन वाचता येत होतं आणि हातात वेताची छडी होती, तेवढ्यावर क्लास सुरू झाला. मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीनं स्टुलावर बसायचो. मनगट खाली आलं की छडी खालून बसायची. "उचल," एवढंच म्हणायचात.

भावाला खरं तर छडीची गरजच नव्हती. एकदा ऐकलेलं त्याच्या बोटांत यायचं. तो वाजवायला लागला की आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा. माझ्या वेळी कधी थांबला नाही.

पुण्यात पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी दोघांपैकी एकालाच शिकवीन असं कळवलं, तो दिवस मला अजून दिसतो. आपण स्वयंपाकघरात जेवतोय. ताटातून मान वर न करता तुम्ही म्हणता, "पोरीला पाठवायचं." आई म्हणते, "आवो, पण हात पोराचा भारी हाय की." "व्हय, भारी हाय. पर त्याला मारलं की रडत बसतंय. हिला मारलं की नीट वाजवतीया." भाऊ माझ्या शेजारीच बसलाय. तो आणखी एक भाकरी मागून घेतो आणि सगळी खातो. दुसऱ्या दिवशी पियानोच्या झाकणाला कुलूप लागलं. मी सुट्टीत आले की तेवढं उघडायचं. "उघडं ठेवलं तर त्याचा जीव त्यातच अडकून ऱ्हाईल," म्हणालात. आज तो पेठ वडगावला दूध संकलन केंद्र चालवतो. त्याच्या लेकीला मी वाढदिवसाला छोटा कीबोर्ड दिला, तो त्यानं खोक्यासकट कपाटावर ठेवून दिला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पुणे, मग लंडन, मग एकामागून एक विमानतळ. माझ्या वाजवण्यात विलक्षण शिस्त आहे असं तिकडचे लोक लिहितात. मुलाखतीत कुणी विचारलं की मी म्हणते, "वडिलांनी शिकवलं," आणि समोरच्याचे डोळे भरून येतात. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी तुम्हाला पाठवलं होतं. ते पूर्ण ऐकून तुम्ही फोनवर म्हणालात, "डावा हात झोपलाय," आणि फोन आईकडे दिलात.

व्हिएन्नाला त्या संध्याकाळी डावा हात झोपला नव्हता. लोक उभे राहिले, मला पुन्हा स्टेजवर बोलावलं. आत येऊन मोबाइल सुरू केला, तर लगेच भावाचा फोन.

"ताई, आबा गेलं. सकाळीच."

"आणि आत्ता सांगतोस?"

"त्यांनीच बजावलं हुतं. तिचं वाजवून झाल्याबिगर फोन करायचा न्हाय, म्हणालते. पंचगंगेवर सगळं उरकून आलोय."

बाहेर टाळ्या अजून चालू होत्या. मरतानाही तुम्ही लेकीचा कार्यक्रम सांभाळलात, असं नातेवाईक अजून कौतुकानं सांगतात. बापाला अग्नी देऊन आलेल्या पोराला तुम्ही दिवसभर फोन हातात घेऊन गप्प बसवलंत, हे कुणी सांगत नाही.

तेव्हापासून मी घरी आले की तो एकदा तरी म्हणतोच, "ताई, तुला आधी सांगायला पायजे हुतं. माझं चुकलं." मी काही बोलत नाही. आधी कळलं असतं तरी मी त्या संध्याकाळी वाजवलंच असतं, आबा, आणि तितकंच चांगलं वाजवलं असतं. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही. त्याला वाचायला दिला, तर तो बिचारा सुटेल. पण तो माफी मागतो तेव्हा मला बरं वाटतं, म्हणून देणार नाही.