चावीला 'टक्' म्हणणारी गाडी

तीर्थस्वरूप जगदेवभाऊस,

धाकट्या संगीताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. देवीच्या कृपेनं इकडे सगळे बरे आहेत, तू दिलेली गाडी सोडून. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तेल चोळून देते, की नुसतं नाव काढते? (फोनच केला असता, पण तू फोनवर हसतोस आणि वहिनी स्पीकर लावते. म्हणून मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे. कागद चांगला जाड आहे.)

राखी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, नववा सरत आला. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, कळा सुरू झाल्या की वाट पाहू नका, गाडी तयार ठेवा. राखी हसली. मला हसू आलं नाही. तू नवी गाडी घेतलीस आणि ही जुनी पांढरी मला भाऊबीज म्हणून ओवाळणीत घातलीस, ती तयार आहे की नाही हे तिचं तिलाच माहीत. चावी फिरवली की कधी पहिल्या झटक्यात उठते, कधी नुसती 'टक्' म्हणून गप्प बसते, रुसलेल्या नणंदेसारखी. (नणंद म्हणजे मी नव्हे, वहिनीला सांग.)

आधी मालेगावच्या उदयसिंग मिस्त्रीनं सेल्फ बदलला. गाडी गुणी लेकरासारखी चालू लागली. मला भरून आलं. त्याच आठवड्यात पोहरादेवीला गेले आणि नवस बोलले, राखी सुखरूप सुटू दे, बाळाला ह्याच गाडीतून तुझ्या पायाशी आणीन. नवसाचा लाल दोरा आणला. उदयसिंगला विचारलं, गाडीचा जीव कुठं असतो रे? तो म्हणाला, "बॅटरीत, काकू." मग बॅटरीच्या ज्या खुंटीवर तारेची पकड बसते तिथंच बांध म्हटलं. त्यानं चप्पल काढून बांधला, हो! वरून पकड आवळली आणि हात जोडले.

तरी चार दिवसांत पुन्हा 'टक्'. तुझे मेहुणे म्हणाले, उन्हानं होतं. म्हणून गाडी निंबाखाली लावली, तर सावलीत 'टक्' आणि उन्हात सुरू. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून जाळल्या, त्या ठसक्यानं गाडीऐवजी राखीचीच नजर उतरल्यासारखी झाली. उदयसिंगनं चावीचा स्विच बदलला, मग बॅटरीच नवी टाकली, दोरा मात्र जपून पुन्हा बांधला. मीही कसर ठेवली नाही. गाडी अडली की आणखी एक दोरा. मंगरूळपीरच्या दर्ग्यातला आणला, गावच्या मारुतीचा आणला. सगळे एकावर एक, त्याच खुंटीला.

आता मला झोप नाही. राखीनं नुसती कूस बदलली तरी मी चावी शोधते. बाकी सर्व क्षेम.

तुझी संगीता

ता. क. — खरं लिहायचं ते राहिलंच. राखी सुटेपर्यंत तुझी नवी गाडी आमच्या दारात आणून ठेव. नाही म्हणू नकोस.

ता. क. २ — पाकिटाला डिंक लावायच्या आतच सकाळी कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसऱ्या बाईला घेऊन गेलेली. राखीला मागच्या सीटवर बसवलं, यांनी चावी फिरवली. 'टक्'. पुन्हा 'टक्'. यांचा शर्ट घामानं ओला. झाकण उघडून यांनी तारेला हात लावला, तर पकड गरगर फिरली. खाली दोऱ्यांची ही गादी!

"हे दोरे काढा लागन," हे म्हणाले.

मी आडवी आले. "नवस फिटल्याबिगर दोरा सोडत नसतात! पोरीचा जीव हाये त्याच्यात!"

आतून राखी ओरडली, "माय, पोरीचा जीव इथं सीटवर तळमळून राह्यला! तुह्या नातवाले इथं निंबाखालीच पाह्यतं काय?"

भाऊ, देवीची माफी मागितली, पिराची मागितली, मारुतीची मागितली, आणि गाठी सोडल्या. दोरे जमिनीवर टेकू दिले नाहीत, तसेच राखीच्या मनगटाला बांधले. यांनी पकड आवळली. एका चावीत गाडी उठली. वाशीमपर्यंत मी डोळे मिटूनच होते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

ता. क. ३ — उदयसिंगला फोन करून झापलं. म्हणतो, "काकू, मले पयल्या दिवशीच शंका आली होती. पन देवाच्या धाग्याले हात कसा लावू? म्हनून बाकी समदं बदलत गेलो."

ता. क. ४ — तुझी गाडी दारात ठेवायची आता गरज नाही. पण नवस ह्या जुन्याच गाडीतून फेडायचा आहे, आणि दोरे आता पाळण्याला बांधणार, म्हणजे गाडीला कोणाचाच आधार उरला नाही. तेव्हा पोहरादेवीला जाऊ त्या दिवशी तुझी नवी गाडी आमच्या मागं मागं असू दे. या वेळी लागेल तो गाडी ओढायचा दोर. जाड आण.