निष्ठावंतांची यादी

२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी वॉर्डाचं तिकीट मलाच! परवा सभेत साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, की हा आमचा खरा निष्ठावंत. बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या, त्याचं चीज झालं म्हणायचं. तू मला नेहमी बिनपगारी हमाल म्हणतेस, आता बोल! हिने माझ्यासाठी नवा कुरता शिवायला टाकलाय. माझी पत्रकं तुमच्याच छापखान्यात छापू, मुद्रितं तूच तपास.

तुझी थट्टा आणि माया, दोन्ही चालू राहू देत.

तुझा,
धाकटा

७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कुरता अजून बेतला नसेल तर राहू दे. काल तुझ्या पक्षाचं काम आमच्याकडे आलं. चाळीस सन्मानपत्रं, 'निष्ठावंत कार्यकर्ता', सोनेरी किनार. सोबतच्या यादीत सातवा तू. तिकीट देणार असतील त्याला कोणी सन्मानपत्र देतं का रे, बावळटा? उमेदवारांची पत्रकंही त्याच गठ्ठ्यात होती. तुझ्या वॉर्डात तो पेट्रोलपंपवाला आहे. गेल्या महिन्यापर्यंत तुमच्या साहेबांना शिव्या घालत होता, तोच.

तीस वर्षं मुद्रितं तपासतेय, म्हणून या शब्दाचा अर्थ मला विचार. ज्याच्या हातावर काही ठेवायचं नसतं, त्याला निष्ठावंत म्हणतात. तुझ्या साहेबांनी तीन पक्ष बदलले. तिन्ही वेळची भाषणं मीच तपासली, तिन्हींत पहिल्याच ओळीत निष्ठा! असल्या माणसाकडून हे सन्मानपत्र घेणं म्हणजे चोराकडून चारित्र्याचा दाखला आणणं. मला त्याची किळस येते, आणि त्याच्यापुढे वाकणाऱ्या तुझी लाज वाटते.

छापखान्यातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून माझी नोकरी जाऊ शकते. तरी लिहितेय. अर्जाची मुदत सोमवारी संपते.

लोभ आहेच, अक्कल आली तर वाढेल.

तुझी,
ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. दोन घास जेवलो आणि तसाच साहेबांकडे गेलो. तुझं नाव काढलं नाही, तिकीट पेट्रोलपंपवाल्याला दिलंत का, असं सरळ विचारलं. त्यांनी नाकारलंही नाही. हसून म्हणाले, की तू निष्ठावंत, तू कुठे जाणार आहेस? मग सत्कारासाठी दोनशे खुर्च्या सांगून ठेवायला लावल्या. आणि ताई, मी सवयीने होय म्हणून आलो! जिना उतरताना स्वतःचीच शिसारी आली.

सोमवारी अपक्ष अर्ज भरला. हिने सूचक म्हणून शेजारच्या शिंप्याला उभं केलं. काल साहेब घरी आले, बावीस वर्षांत पहिल्यांदा. चहा घेतला, कसल्याशा समितीचं पद देऊ केलं. मी अर्ज मागे घेत नाही म्हटल्यावर उठले आणि जिन्यात उभं राहून गद्दार म्हणून ओरडले. सगळी बिऱ्हाडं दारात आली.

आजवर ते मला 'अरे', नाहीतर 'तो आपला खुर्च्यांवाला' म्हणत आले. गद्दार म्हणताना मात्र माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. ते त्यांना ठाऊक आहे, हे मला काल कळलं.

मायेची नजर ठेव.

तुझा,
धाकटा